सीटखालची रिकामी जागा

फणस उंचावरचा असला की आमच्याकडे तो दोरीला बांधून खाली सोडतात. दोरी तोकडी पडली तर खाली दोघं गोणपाट धरून उभे राहतात. नवखा गोणपाट ताठ धरतो आणि फणस हिसका देऊन फुटतो. जाणता गडी फणस टेकता टेकता हात खाली सोडतो. हेलिकॉप्टरच्या चांगल्या सीटमध्ये हीच युक्ती असते, फणसाच्या जागी फक्त आपण.

शेजारचा मुलगा मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या, रिगवर कामाला आहे; जा-ये हेलिकॉप्टरने. गणपतीला आला तेव्हा सांगत होता, "काका, एसटीत सरकवतो तशी बॅग सीटखाली सरकवली, तर केवढे ओरडले!" त्याला वाटलं, वाट अडते म्हणून. पण ती जागा सामानाची नाहीच, सीटची आहे.

मोटार धडकते तेव्हा पुढचं बॉनेट चेपतं. हेलिकॉप्टर बऱ्याचदा पोटावर आदळतं आणि पोट ते माणूस यांत चेपायला फारसं काही नसतं. अमेरिकेने १९८९ साली नव्या हेलिकॉप्टरांसाठी जी चाचणी घातली, तिच्यात धक्क्याचा वेग सेकंदाला ९.१ मीटर असतो. चौदा फुटांवरून पडल्यावर येतो तेवढा. हा वेग ५ सेंटीमीटरांत थांबवला तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ८५ पट मार बसतो. ३० सेंटीमीटरांत थांबवला तर १४ पट. वेग तोच, माणूस तोच. त्या चाचणीत डमीच्या, म्हणजे सीटवर बसवलेल्या माणसाएवढ्या पुतळ्याच्या, कमरेच्या मणक्यावर १५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ६८० किलोंहून, जास्त भार आला की सीट नापास.

म्हणून सीट धक्क्यासरशी खाली घसरते. घसरताना कुठे धातूची नळी चेपते, कुठे जाड तार रुळांतून वाकत ओढली जाते. स्प्रिंग का नाही? ती धक्का साठवते आणि परत वर फेकते. वाकलेला धातू काही परत देत नाही, एकदाच कामाला येतो. मऊ गादीही घातकच, कारण सीट थांबायला लागली तरी माणूस गादीत रुतत खालीच येत असतो आणि तळाला गेल्यावर जास्त जोरात आपटतो. चाचणीतली डमी ७७ किलोंची. अंगाने भारी माणूस बसला तर सीट लवकर तळ गाठते, म्हणून काही लष्करी सीटना वजनाप्रमाणे फिरवायची खुंटी असते.

समुद्रावर सीटची जबाबदारी वाढते. जमिनीवर चाकांचे पाय थोडा धक्का खातात, पाण्यात ते नुसते घुसतात आणि पाणी थेट पोटावर बसतं. इंजिन वर असल्याने यंत्र उलटतंही चटकन. मग पट्टा सोडून, खिडकी शोधून बाहेर पडायचं असतं. मणका मोडलेल्याने ते कसं करायचं?

आणि नियम नव्या आराखड्यांना. आधी मंजूर झालेली जुनी मॉडेल्स जुन्याच सीटवर उडत राहू शकतात, हे मला तरी पटत नाही.

शेजारचा मुलगा रिगवर परत निघाला तेव्हा त्याच्या आईने लाडवांचा स्टीलचा डबा दिला. मी पट्टी लावली: उंची १० सेंटीमीटर. सीटच्या ३० मधून १० गेले, तर १४ पटीचा मार २१ पटीवर जातो.

"मग लाडू कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"सामानात दे. चुरा झाला तरी गोडच लागतो."