लॉनी जॉन्सन: ब्लूजवाला की जॅझवाला?

ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं) आणि त्यातल्या गिटारचं कुठलंही बोलणं निघालं की गिटारिस्ट बी. बी. किंगचं नाव येतं आणि बी. बी. किंगला कुणाकडून शिकलास विचारलं की तो हमखास ज्यांची नावं घ्यायचा त्यात गिटारिस्ट आणि गायक लॉनी जॉन्सन असायचाच. तरी या माणसाचं नाव आपल्याकडे गिटार वाजवणाऱ्या पोरांनाही माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या मते कारण एकच, त्याला नक्की कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे कुणाला ठरवता आलं नाही. जॅझवाले म्हणणार तो ब्लूजचा गायक, आणि ब्लूजवाल्यांना हवा असतो मिसिसिपीच्या शेतातला खडबडीत आवाज, हा तर सूटबूट घातलेला, गोड गळ्याचा शहरी माणूस.

लॉनी मूळचा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सचा. जन्म बहुतेक ठिकाणी १८९९ चा देतात, काही जण १८९४ म्हणतात. घरात सगळेच वाजवणारे, वडिलांचा तंतुवाद्यांचा बँड होता आणि लॉनी त्यात व्हायोलिन वाजवायचा. हे व्हायोलिन लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या गिटारमध्ये जो लांबवलेला, थरथरणारा, मींडेसारखा घसरत जाणारा सूर ऐकू येतो तो मला तरी थेट तिथूनच आलेला वाटतो. १९१७ मध्ये तो एका कार्यक्रमाबरोबर इंग्लंडला गेला आणि १९१९ ला परत आला तर इन्फ्लूएंझाच्या साथीत जवळजवळ अख्खं घर गेलेलं, उरला फक्त एक भाऊ, जेम्स. १९२१ च्या सुमारास दोघं भाऊ सेंट लुईसला आले, तिथे मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर जे बँड वाजवायचे त्यात लॉनीला काम मिळालं.

आता तो ब्लूजवाला कसा झाला ते बघा. १९२५ मध्ये सेंट लुईसच्या बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरात स्पर्धा होती, बक्षीस म्हणजे ओके रेकॉर्ड्स या कंपनीचं रेकॉर्ड काढायचं कॉन्ट्रॅक्ट. स्पर्धा ब्लूजची होती म्हणून हा ब्लूज गायला. जिंकला, आणि शिक्का बसला तो कायमचा. पुढे त्याने स्वतःच सांगितलंय की रेकॉर्ड करायला मिळतंय म्हटल्यावर मी काहीही गायलो असतो. ओकेसाठी १९२५ ते १९३२ मध्ये त्याने सव्वाशेच्या वर गाणी रेकॉर्ड केली.

पण त्याच वर्षांत तो दुसरीकडे काय करत होता! त्या काळी बँडमध्ये ठेका धरायला अमेरिकन बँजो (तारा छेडून वाजवायचं गोल तोंडाचं वाद्य) असायचा, गिटार आली तरी तिचं काम मागे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले अनेक सूर, वाजवत बसायचं. मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे गिटारसारखं हळू आवाजाचं वाद्यही आता नीट ऐकू यायला लागलं. १९२७ च्या '६/८८ ग्लाइड' मध्ये (गिटारच्या ६ तारा, पियानोच्या ८८ पट्ट्या) लॉनी एकेक सूर सुटा वाजवत सोलो घेतो, जसा ट्रम्पेटवाला घेईल तसा, आणि आज आपण ज्याला लीड गिटार म्हणतो त्याची सुरुवात शोधायची तर इथे थांबावंच लागतं. त्याच वर्षी डिसेंबरात शिकागोला ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या जॅझ बँडने त्याला बोलावलं. 'हॉटर दॅन दॅट' ऐका, मध्येच बाकीचा सगळा बँड गप्प होतो आणि आर्मस्ट्राँगचा बिनशब्दांचा आवाज आणि लॉनीची गिटार, दोघंच, सवालजवाब चालू. पुढच्या वर्षी जॅझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनबरोबर 'द मूच' हे गाणं. आर्मस्ट्राँग आणि एलिंग्टन दोघांनीही वर्षभराच्या आत ज्याला बोलावलं तो जॅझवाला नाही असं कसं म्हणायचं?

आणि मग एडी लँग. फिलाडेल्फियाचा इटालियन घरातला गोरा गिटारिस्ट, त्या वेळचा नावाजलेला. १९२८-२९ मध्ये दोघांनी गिटारची जुगलबंदी रेकॉर्ड केली, लँग खाली कॉर्ड धरतो आणि लॉनी वर मोकळा फिरतो. गोरा आणि काळा एकत्र वाजवतायत हे रेकॉर्डवर छापणं तेव्हा चालत नव्हतं म्हणून लँगचं नाव छापलं 'ब्लाइंड विली डन', म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की कुणी आंधळा काळा ब्लूजवाला आहे. इथेही पुन्हा लेबल, फक्त या वेळी दुसऱ्याला चिकटवलेलं.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि रेकॉर्डचा धंदाच बसला. लॉनी क्लीव्हलंडला गेला, मिळेल ते काम केलं. नंतर शिकागोत पुन्हा रेकॉर्डिंग, आणि १९४८ मध्ये सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सवर 'टुमॉरो नाइट' आलं, ते चक्क संथ प्रेमगीत! काळ्या श्रोत्यांच्या चार्टवर ७ आठवडे पहिल्या नंबरवर. ब्लूजचा शिक्का बसलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं हिट गाणं ब्लूज नव्हतंच.

तरी १९५९ मध्ये ख्रिस अल्बर्टसन नावाच्या रेडिओवाल्याला तो सापडला तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात साफसफाईचं काम करत होता. त्यानंतर प्रेस्टीज या रेकॉर्ड कंपनीच्या ब्लूजव्हिल लेबलवर नवीन रेकॉर्ड निघाल्या, १९६३ मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलबरोबर युरोपचा दौरा झाला. पण आता ऐकणारे होते जुन्या ब्लूजच्या शोधातले तरुण, आणि लॉनीला गायची असायची बॅलड्स, म्हणजे संथ प्रेमगीतं. त्या वेळच्या काही समीक्षकांना ते रुचलं नाही. मला मात्र त्याचीच बाजू पटते, चाळीस वर्षं माणूस सगळं वाजवत आला, आता म्हातारपणी एकच वाजव म्हणून कसं सांगणार.

१९६५ मध्ये कॅनडात टोरांटोला गेला, तिथे मान मिळाला, शहरातल्या यॉर्कव्हिल भागात स्वतःचा क्लबही काढला पण तो फार टिकला नाही. मार्च १९६९ मध्ये फुटपाथवरून चालताना गाडीने उडवलं, मग पक्षाघात. २३ फेब्रुवारी १९७० ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये काठी टेकत स्टेजवर आला, बडी गाय या ब्लूज गिटारिस्टच्या साथीने एकदोन गाणी गायला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच वर्षी १६ जूनला टोरांटोतच वारला.