उजव्या भुवईवर व्रण

सरकारी अर्जात आपण 'ओळखीची खूण' लिहितो. इजिप्तमधल्या 72 वर्षांच्या ऑरेलियस डायोजेनीसनेही लिहिली होती: उजव्या भुवईवर व्रण. तारीख होती 26 जून 250. अर्जातला मजकूर साधारण असा: मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर बळी दिला, मद्य वाहिलं, प्रसाद खाल्ला. तसा दाखला मिळावा.

हुकूम रोमन सम्राट डेशियसचा. असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत, बहुतेक फायूम भागातले. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून दाबलेला कागद. ओल लागली की बुरशी आणि जिवाणू तो फस्त करतात. वाळवंटाच्या कोरड्या मातीत त्यांचं काही चालत नाही. शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हातही विटत नाही. म्हणून अक्षरं अजून वाचता येतात.

अक्षराचं वळण तर फारच बोलकं. अर्ज एकाच्या हातचा, खाली अधिकाऱ्यांची साक्ष दुसऱ्याच्या. थिआडेल्फिया गावच्या कित्येक दाखल्यांवर सेरेनस आणि हर्मास हीच जोडी साक्षीला आहे. मजकूर जवळपास तोच, नावं तेवढी वेगळी. आणि नावांत जो तो ऑरेलियस! 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं, तेव्हा नव्या नागरिकांनी त्याचंच कुलनाम घेतलं.

गंमत म्हणजे या दाखल्यांत 'ख्रिस्ती' हा शब्दच नाही. सुसरदेव पेटेसुखोसच्या पुजारणीलाही दाखला काढावा लागला होता! हुकूम सरसकट होता. कात्रीत सापडले ते ख्रिस्ती, कारण इतर देवांना बळी देणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. नकार दिला तर तुरुंग, छळ, प्रसंगी मृत्यू. रोमचे बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच गेले.

काहींनी तिसरी वाट काढली. बळी न देता, पैसे चारून दाखला मिळवला. त्यांना 'लिबेलाटिकी' म्हणत, आपल्या भाषेत दाखलेवाले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे बिशप सिप्रियन तेव्हा स्वतः लपून बसले होते, तरी या मंडळींवर त्यांनी पत्रांतून कडक टीका केली. 251 मध्ये डेशियस गॉथ टोळ्यांशी लढताना मारला गेला. त्याच वर्षी कार्थेजच्या धर्मसभेने ठरवलं: दाखलेवाल्यांना प्रकरण तपासून चर्चमध्ये परत घ्यावं, ज्यांनी खरोखर बळी दिला, त्यांना मात्र मरणघटकेलाच.