स्पर हाती लागला, पण सापडला कुठे?

व्हर्जिनियातल्या ब्रँडी स्टेशनजवळ ९ जून १८६३ रोजी सुमारे २० हजार सैनिक भिडले. उत्तर अमेरिकेतली ही घोडदळाची सर्वांत मोठी लढाई. अमेरिकन यादवी युद्धातल्या अशा रणभूमींवरून निघालेले स्पर, म्हणजे घोड्याला टाच मारण्यासाठी बुटाला बांधायच्या कमानी, संग्राहक हौसेने जमवतात.

सरकारी स्परची कमान पितळी, मागची दातेरी चकती लोखंडी. त्यामुळे खणून काढलेल्या स्परची चकती बहुधा गायब असते, नाहीतर गंजाचा गोळा झालेली. पितळही पूर्ण सुटत नाही. ओलसर, आम्लधर्मी मातीत त्यातलं जस्त झिरपून जातं, उरतं ते तांबूस आणि ठिसूळ.

लोखंडाचं खरं दुखणं बाहेर काढल्यावर सुरू होतं. मातीतले क्लोराइड क्षार गंजात मुरलेले असतात; हवा आणि दमटपणा मिळाला की वस्तूवर तपकिरी थेंब पाझरतात, पापुद्रे सुटतात. म्हणून ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने बुडवून क्षार काढतात आणि मग मेण चढवतात. पितळ मात्र चिंचेने घासल्यासारखं लख्ख करू नये. हिरवा थर गेला की पृष्ठभागावरच्या बारीक खुणाही जातात. तोफगोळ्याला तर हातच लावू नये: २००८ मध्ये व्हर्जिनियातच असा गोळा फुटून एक संग्राहक दगावला.

पण स्परपेक्षा त्याची जागा जास्त बोलते. मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नवर २५ जून १८७६ रोजी लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर याची तुकडी कापून काढली. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरने ती विंचरली. वस्तू सापडली की झेंडी, मग नकाशावर नोंद. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर बंदुकीच्या पिनेचा ठसा उमटतो. पोलिसांच्या प्रयोगशाळेत करतात तसे ठसे जुळवल्यावर एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, ते दिसलं. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या बंदुका, होत्या. योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या, एकदा भरल्या की लागोपाठ अनेक गोळ्या झाडता येणाऱ्या रायफली.

त्याच पुंगळ्या कुणी खिशात घालून नेल्या असत्या, तर यातलं काही कळलं नसतं. १९७९च्या कायद्यानुसार अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवर विनापरवाना असं खोदणं गुन्हा आहे. खासगी शेतातून निघालेला स्पर विकत घ्यायचाच असेल, तर मी किमतीआधी शेताचं नाव विचारीन.