काजूची आधारभूत किंमत: सरकार काजू विकत घेत नाही

गोव्यातील सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत दर हंगामात एक समज पुन्हा ऐकू येतो की सरकारने काजूला किलोमागे १५० रुपये जाहीर केले, म्हणजे सरकार त्या दराने काजू खरेदी करते आणि दुकानदाराने कमी दिले तर तो फसवतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी काही बागायतदारांचे हक्काचे पैसे बुडतात, म्हणून हा खुलासा.

२०२३ मध्ये गोवा सरकारने काजू बियांची आधारभूत किंमत १२५ रुपयांवरून १५० रुपये केली. या योजनेत खरेदी सरकार करत नाही. शेतकरी बाजारभावाने नोंदणीकृत संस्थेला बिया विकतो आणि बाजारभाव व आधारभूत किंमत यांतील फरक कृषी खाते नंतर त्याच्या बँक खात्यात जमा करते. समजा आधारभूत किंमत १५० रुपये असताना काट्यावर १२० रुपये मिळाले, तर उरलेल्या ३० रुपयांचा आधार म्हणजे हातातली पावती. चार पैसे रोख लगेच मिळतात म्हणून पावतीविना गावातल्या व्यापाऱ्याला पोते दिले, तर तो फरक मागण्यास पुरावाच उरत नाही. कृषी खात्याचे कृषी कार्डही हवे.

ही आधारभूत किंमत केवळ बियांना आहे, हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंसाठी मळल्या जाणाऱ्या बोंडूंना, म्हणजे काजूच्या फळांना, नाही. आयात काजूमुळे भाव पडलेल्या वर्षी तर पावती जपून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.