लंडन ते पॅरिस: अंतर तेच, मग विमानाचा वेळ का वाढला?

लंडन आणि पॅरिस यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. आज वेळापत्रकात या उड्डाणासाठी साधारण सव्वा तास धरलेला असतो. १९५० मध्ये मात्र एक विमान तासाभराच्या आत पोहोचले होते. इंजिने सुधारली, तरी वेळ वाढला. याचे कारण या विमानसेवेच्या पहिल्या काही वर्षांतच सापडते.

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला शांतता परिषद भरली आणि ब्रिटिश मंत्री-अधिकाऱ्यांच्या खेपा सुरू झाल्या. त्यांच्यासाठी डीएच-४ या बॉम्बफेकी विमानात दोघांना बसता येईल अशी बंद केबिन केली गेली. याच जातीचे विमान २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनच्या हाउन्स्लो हीथ विमानतळावरून पॅरिसजवळच्या ले बुर्जे विमानतळाकडे निघाले आणि रोजची प्रवासी सेवा सुरू झाली. पायलट बिल लॉफर्ड. प्रवासी एकच, तोही वार्ताहर. बाकी जागेत वर्तमानपत्रे, कातडे, डेव्हनची साय आणि शिकार केलेले पक्षी. पोहोचायला सुमारे अडीच तास लागले.

तेव्हाचे पायलट जमिनीकडे बघत विमान नेत. खालचा रस्ता आणि रेल्वेचे रूळ हाच त्यांचा नकाशा. ढग उतरले की विमानही खाली आणावे लागे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीवर धुके होते. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून टपाल घेऊन निघालेले विमान आणि पॅरिसहून प्रवासी घेऊन येणारे विमान समोरासमोर आले. दोघांचीही नजर त्याच रस्त्यावर होती. सात जण गेले. प्रवासी विमानांची आकाशातली ही जगातली पहिली टक्कर. त्यानंतर खुणेच्या वाटेच्या उजव्या बाजूने जायचे, ठरलेले मार्ग पाळायचे, रेडिओवरून संपर्क ठेवायचा, अशी शिस्त बसत गेली. आज आपले विमान रांगेत थांबते ती मिनिटे या शिस्तीसाठीच खर्ची पडतात, आणि ती वाया गेली असे मला मुळीच वाटत नाही.

२९ जुलै १९५० रोजी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या इंजिनांचे व्हायकाउंट हे विमान लंडनच्या नॉर्थोल्टहून ले बुर्जेला गेले. टर्बाइन इंजिनाच्या विमानाने तिकीटधारी प्रवासी नेण्याची ही पहिलीच वेळ. तासाभराच्या आतला पल्ला तो हाच. पुढे जेट आली, पण एवढ्या कमी अंतरात चढायचे आणि लगेच उतरायचे, तर जास्त वेगाचा उपयोग तो किती? शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला धावपट्ट्या दोनच, गर्दी प्रचंड. प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास जातो, उरलेला जमिनीवर.

खरी स्पर्धा आली ती समुद्राखालून. नोव्हेंबर १९९४ मध्ये युरोस्टार ही रेल्वेगाडी सुरू झाली तेव्हा तिला तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधला वेगवान मार्ग पूर्ण झाल्यावर ते सव्वादोन तासांवर आले, तेही शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. विमानतळाची ये-जा आणि तपासणी धरली तर विमान इथे मागेच पडते.

विमानाच्या तिकिटावरची वेळ वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूर्याच्या हिशोबाने दोन शहरांत जेमतेम दहा मिनिटांचा फरक आहे, पण घड्याळात एक तासाचा. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर तिथली घड्याळे बर्लिनच्या वेळेला लावली, आणि युद्धानंतरही फ्रान्सने तीच वेळ ठेवली. म्हणून जाताना तिकिटावर सव्वादोन तास दिसतात आणि येताना जेमतेम पंधरा मिनिटे.