जर्मनीत कंपनीतल्या गैरव्यवहाराची तक्रार: नाव किती गुप्त राहतं?

जर्मनीत जागल्यांना, म्हणजे कामाच्या ठिकाणचा गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २ जुलै २०२३ पासून लागू आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांवर तो बेतलेला आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला तक्रार घेणारी अंतर्गत यंत्रणा ठेवावीच लागते.

तक्रार आजी-माजी कर्मचारी, नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवार, प्रशिक्षणार्थी, पुरवठादाराची माणसं असे कुणीही करू शकतात. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास-परवान्यावर) गेलेल्या आपल्या मंडळींनाही हे लागू होतं. माहिती कामाच्या ओघात मिळालेली असावी आणि ती खरी मानायला सबळ कारण असावं. लाचखोरी, सुरक्षेचे नियम मोडणं हे यात बसतं. ‘साहेब खडूस आहे’ हे बसत नाही.

ठरावीक फॉर्म किंवा ओळखपत्र लागत नाही. काय घडलं, कधी, कुठे, कुणाला माहीत आहे, एवढं लिहा आणि पुरावा असेल तर जोडा. विषयाशी संबंध नसलेला मजकूर, उदाहरणार्थ सहकाऱ्याचं आजारपण, घालू नका. तसं काही आलं तर यंत्रणेला ते पुसावंच लागतं. निनावी तक्रार करायची असेल तर वर्ड फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुमचंच नाव नाही ना, हे आधी पाहा. कायद्यापेक्षा इथेच जास्त जण सापडतात, असं मला वाटतं.

पोच सात दिवसांत आणि पुढे तीन महिन्यांत काय कारवाई झाली ते कळवणं बंधनकारक आहे. फोनवरचं बोलणं तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही डेटा संरक्षण कायद्याने (जीडीपीआर) हक्क दिले आहेत. आपल्याबद्दल काय नोंदवलं आहे आणि ते कुठून आलं, हे तो विचारू शकतो. पण तुमची ओळख उघड होईल किंवा चौकशी बिघडेल, तिथे कंपनी ही माहिती रोखू शकते. ही गुप्तता सरसकट मात्र नाही. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने खोटी तक्रार केली तर ती मिळत नाही. फौजदारी तपासात सरकारी तपास यंत्रणांनी मागितलं तर नाव द्यावं लागतं. तेव्हा चौकशीला बाधा येणार नसेल तर तुम्हाला आधी कळवलं जातं.

प्रकरण संपल्यावर नोंदी साधारण तीन वर्षांनी पुसल्या जातात. कंपनीवर भरवसा नसेल तर थेट बॉनमधल्या संघीय न्याय कार्यालयाकडे जाता येतं. आधी कंपनीत तक्रार केलेली असण्याची सक्ती नाही.