वर्कस्टेशन लॅपटॉप : मेमरी, साठवण आणि कळफलक

अभियांत्रिकी आराखडे, त्रिमितीय चित्रनिर्मिती, व्हिडिओ संपादन, मोठी आकडेमोड अशा जड कामांसाठी बांधलेला लॅपटॉप. लेनोव्होची थिंकपॅड पी, एचपीची झेडबुक आणि डेलची प्रिसिजन (२०२५ पासून प्रो मॅक्स) या मालिका या वर्गात मोडतात. असे यंत्र मागवताना चर्चा होते ती बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्सची. मेमरी, साठवण आणि कळफलक हे रकाने मात्र घाईत भरले जातात. या तिन्हींबाबत पहिला प्रश्न क्षमतेचा नसून ‘हे नंतर बदलता येईल का?’ हा असायला हवा. साठवण सहज बदलता येते, मेमरी कधी बदलता येते तर कधी नाही, आणि कळफलक बदलण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. म्हणून जे बदलणार नाही तिथे आधी लक्ष द्यावे.

मेमरी दोन प्रकारे बसवलेली असते. जाडसर यंत्रांत सोडिम, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या मेमरीच्या छोट्या, पट्ट्यांसाठी दोन किंवा चार स्लॉट (खाचा) असतात. आजच्या यंत्रांतल्या पट्ट्या डीडीआर५ प्रकारच्या असतात, ज्याचे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पातळ यंत्रांत एलपीडीडीआर५एक्स या कमी विजेच्या मेमरी-चिप्स थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. त्या कमी वीज खातात आणि वेगवान असतात, पण खरेदीच्या दिवशी जेवढी मेमरी घेतली तेवढीच शेवटपर्यंत राहते. या कोंडीतून वाट काढायला डेलने २०२२ मध्ये प्रिसिजन ७६७० आणि ७७७० या यंत्रांत कॅम हे सपाट, स्क्रूने दाबून बसवायचे मॉड्यूल आणले. त्यावर आधारलेले कॅम२ हे मानक मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये त्याचाच एलपीकॅम२ हा अवतार आला, म्हणजे एलपीडीडीआर मेमरी असूनही ती काढता-घालता येते. पातळ यंत्र हवे असेल तर ही सोय मुद्दाम शोधण्यासारखी आहे.

किती मेमरी घ्यावी, याचे उत्तर स्वतःच्या कामातच असते. नेहमीचा सर्वांत मोठा प्रकल्प उघडून सध्याच्या यंत्रात मेमरीचा वापर कुठवर चढतो ते पाहावे आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट धरावी. मेमरी संपली की ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीचा, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचा, आधार घेते. मेमरीतून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर उत्तम एसएसडीलाही पन्नासेक मायक्रोसेकंद लागतात. हा फरक शेकडो पटींचा आहे, आणि प्रोसेसर कितीही महागडा घेतला तरी तो भरून निघत नाही.

पट्ट्यांची संख्याही महत्त्वाची. दोन चॅनेल (मेमरी आणि प्रोसेसर यांमधल्या वाटा) असलेल्या यंत्रात ३२ गीगाबाइटची एकच पट्टी लावली तर मेमरीची निम्मी रुंदी वापराविना राहते. १६ च्या दोन लावल्या तर ती पूर्ण मिळते. चार स्लॉटच्या यंत्रात उलटी अडचण येते. चारही स्लॉट भरले की मेमरीचा वेग उतरतो, आणि सेकंदाला ५६०० मेगाट्रान्सफर या वेगाने चालणाऱ्या पट्ट्या काही यंत्रांत ४००० किंवा त्याखाली येतात. म्हणून ६४ गीगाबाइट हवी असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या घेऊन दोन स्लॉट मोकळे ठेवणे शहाणपणाचे.

चूक सुधारणारी, म्हणजे ईसीसी, मेमरी हे वर्कस्टेशनचे खास वैशिष्ट्य. वैश्विक किरण किंवा चिपमधला दोष यांमुळे एखादा बिट उलटला तर ती तो ओळखून दुरुस्त करते. दोन उलटले तर निदान सूचना देते. हा धोका वाटतो तितका दुर्मीळ नाही. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक चूक नोंदली गेली होती. लॅपटॉपमध्ये ईसीसीची वाट २०१५ मध्ये इंटेलच्या झिऑन ई३-१५००एम प्रोसेसरांनी रुंद केली. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये स्वतःची दुरुस्ती-व्यवस्था असते, तिला खरी ईसीसी समजू नये. ती चिपच्या आतले सांभाळते. चिप ते प्रोसेसर या प्रवासात झालेली चूक तिला दिसत नाही. खऱ्या ईसीसीसाठी प्रोसेसर, चिपसेट, फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) आणि पट्ट्या या सगळ्यांचा पाठिंबा लागतो. दिवसेंदिवस चालणारी आकडेमोड ज्यांच्या पदरी आहे त्यांनी तिचा आग्रह धरावा. व्हिडिओ संपादनाला तिची फारशी गरज नाही.

साठवणीसाठी आता एम.२ एसएसडी रूढ आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असा २२८० हा तिचा प्रचलित आकार. साटा या जुन्या जोडणीची धाव सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत होती. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई पद्धतीने, चौथ्या पिढीच्या पीसीआयई या वेगवान जोडमार्गावर, ती ७००० च्या घरात जाते आणि पाचव्या पिढीत १४,००० पर्यंत. हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. सॉफ्टवेअर उघडणे, प्रोग्राम कंपाइल करणे यांसारख्या, विखुरलेल्या लहान वाचनांच्या कामांत चौथी आणि पाचवी पिढी यांतला फरक जेमतेम जाणवतो, उष्णता मात्र वाढते. वेगाच्या आकड्यापेक्षा चिपचा प्रकार पाहावा. एका पेशीत ३ बिट साठवणारी टीएलसी जड लेखनाला टिकते. ४ बिटांच्या क्यूएलसीचा वेग, तात्पुरता राखीव भाग भरला की कोसळतो. तासन्‌तासचे चित्रीकरण उतरवून घेणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळते.

एसएसडीचे दोन स्लॉट असतील तर एकात ऑपरेटिंग सिस्टिम आणि दुसऱ्यात काम ठेवणे सोयीचे. रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. रेड ० मध्ये माहिती दोन ड्राइव्हवर वाटून वेग मिळतो, पण एक गेला की दोन्हींवरचे सगळे जाते. रेड १ दोन्ही ड्राइव्हवर तीच माहिती ठेवून एका ड्राइव्हच्या बिघाडातून वाचवते. चुकून पुसलेली फाइल मात्र ती दोन्हीकडून पुसते, त्यामुळे बॅकअप वेगळाच लागतो. मोठी साठवण कारखान्यातूनच घेण्याची घाई नको. फक्त दुसऱ्या स्लॉटचा आकार आधी तपासावा, कारण तो कधी २२४२, म्हणजे ४२ मिलिमीटर लांबीचा, असतो, आणि काही यंत्रांत तो रिकामा मागवला तर एसएसडी बसवायची आधारपट्टी किंवा उष्णतावाहक पत्रा सोबत येत नाही.

कळफलकाचा दिवसभर हाताशी संबंध येतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये कात्रीसारख्या यंत्रणेच्या कळा असतात आणि कळ दीड मिलिमीटरच्या आसपास खाली जाते. ही खोली वाट्टेल तेवढी कमी करता येत नाही, हे अ‍ॅपलच्या बटरफ्लाय कळफलकाने दाखवून दिले. २०१५ मध्ये आलेल्या त्या उथळ कळा धुळीच्या कणानेही अडत, आणि २०१९ च्या अखेरीस कंपनी कात्री यंत्रणेकडे परतली.

मोठ्या यंत्रांत अंकपट, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा वेगळा गट, असतो. आकडे भरणाऱ्यांना तो हवाच. पण त्यामुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, आणि सतत लिहिणाऱ्याची मान व मनगटे तिरकी राहतात. आराखडे काढणाऱ्यांनी टचपॅडला मधले, तिसरे बटण आहे का ते पाहावे, कारण अनेक आराखडा-सॉफ्टवेअरांत मॉडेल फिरवणे-सरकवणे त्याच बटणावर चालते. कळांमधली लाल कांडी १९९२ च्या थिंकपॅड ७००सी पासून चालत आली आहे. बोटे अक्षरांवरून न उचलता कर्सर हलवता येतो, म्हणून तिचे चाहते तिच्यावाचून यंत्र घेत नाहीत. मांडणी अमेरिकी की ब्रिटिश यावर एंटर कळेचा आकार ठरतो. दिव्याचा (खालून उजळणाऱ्या कळांचा) कळफलक हवा असेल तर तो खरेदीच्या वेळीच घ्यावा, कारण नंतर बदलणे सोपे नसते. बऱ्याच यंत्रांत कळफलक वरच्या आवरणाला रिव्हेटांनी किंवा डझनावारी स्क्रूंनी जखडलेला असतो आणि तो काढायला मदरबोर्ड, बॅटरी सगळे उतरवावे लागते. मागणी नोंदवण्यापूर्वी निर्मात्याची देखभाल-पुस्तिका चाळली तर आपल्या यंत्रात ते किती पायऱ्यांचे काम आहे ते नेमके कळते.